जन्मदाता की बाप? वडिलांच्या जागी उभा राहणारा माणूस जास्त मोलाचा ठरू शकतो का?

गवतपाती (धागाकर्ती)

दुसऱ्या एका धाग्यावर 'रक्त ते शेवटी रक्तच' या एका वाक्यावरून इतकी हाणामारी झाली की मूळ विषय वाहूनच गेला. म्हणून हा वेगळा धागा. सावत्र वडील, दत्तक घेणारे वडील, मामा, आजोबा, शिक्षक, प्रशिक्षक यांपैकी कुणी एखाद्या मुलासाठी जन्मदात्यापेक्षा मोलाचं ठरू शकतं का? आणि ठरत असेल तर नेमकं काय केल्यानं?

एक विनंती. आपापल्या घरच्या कहाण्या इथे नकोत. काय घडतं, का घडतं, कशानं जमतं आणि कुठे फिसकटतं तेवढं लिहा.

सुरुवात मीच करते. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा दीड वर्षाची होईपर्यंत माग ठेवला. त्यांचा अहवाल १९६४चा आहे. दूध पाजणाऱ्याचा, आंघोळ घालणाऱ्याचा लळा बाळाला सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त लागतो, अशी तेव्हाची समजूत होती. बऱ्याच बाळांच्या बाबतीत ती खोटी निघाली. बाळ रडल्यावर जो लगेच 'ओ' देतो आणि त्याच्याशी खेळतो-बोलतो, त्याच्याकडे बाळ ओढलं जात होतं, मग तो दिवसातून दोनच तास का भेटेना. आणि दीड वर्षाच्या बहुतेक बाळांना एकाहून जास्त माणसांचा लळा होता. म्हणजे मनात एकच खुर्ची असते आणि त्यावर कोण बसणार, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. तरी विचारते.

---

उंबरठा

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न रोज येतो, म्हणून जरा फोड करून सांगतो. 'मोलाचा' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या कामांसाठी वापरला जातो. मुलाच्या शरीराचा आणि ओळखीचा उगम देणं हे एक. रोज सांभाळणं हे दुसरं. कागदोपत्री जबाबदार असणं हे तिसरं. पहिलं जन्मदात्याकडून कुणीच काढून घेऊ शकत नाही. तिसरं कायदा ठरवतो. भांडण सगळं दुसऱ्यावर असतं आणि त्यात रक्ताला आपोआप काहीही मिळत नाही.

१९७३मध्ये जोसेफ गोल्डस्टीन (कायद्याचे प्राध्यापक), अ‍ॅना फ्रॉइड आणि अल्बर्ट सोलनिट यांनी याला नाव दिलं: 'मानसिक पालक'. रोजचा सहवास, देवाणघेवाण आणि मुलाच्या गरजेला मिळणारा प्रतिसाद यांतून घडतो तो. जन्म देऊन माणूस मानसिक पालक होत नाही, आणि जन्म दिला नाही म्हणून त्याचं व्हायचंही राहत नाही.

हे ओळखायचं कसं? मेरी एन्सवर्थच्या प्रयोगात १२ ते १८ महिन्यांच्या मुलाला अनोळखी खोलीत आणतात, पालक दोनदा बाहेर जातो, दोनदा परत येतो. एकूण आठ तुकडे, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे. बघणारे रडण्यापेक्षा परत भेटण्यावर नजर ठेवतात: मूल पालकाकडे झेपावतं का, कुशीत शिरून शांत होतं का, आणि मग पुन्हा खेळण्यांकडे वळतं का. मोठ्या मुलाचं तसंच. पाच वर्षांचा मुलगा सायकलवरून पडतो, गुडघा सोलवटतो, अंगणात चार मोठी माणसं उभी असतात. पडल्यानंतरच्या दोन सेकंदांत तो रडत नाही, मान वळवून बघतो. ज्याच्यावर नजर थांबते त्याच्याकडे तोंड करून मग भोकाड पसरतो. ती नजर कुणावर थांबली ते बघा.

---

हातचा_एक

हे सगळं गोड आहे, पण आकड्यांची दुसरी बाजूही येऊ द्या. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन यांनी १९८०च्या दशकात कॅनडा-अमेरिकेतली आकडेवारी तपासली. सावत्र पालक असलेल्या घरात लहान मुलाला जीवघेणी इजा होण्याचा धोका सख्ख्या आईबापांच्या घरापेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाला. उत्क्रांतीच्या चष्म्यातून (जो तो स्वतःच्या वंशाला जास्त जपतो) याचा अर्थ लावणं अवघड नाही. 'रक्त' म्हणजे निव्वळ भावुकपणा नव्हे.

---

गवतपाती

@हातचा_एक, मुद्दा मान्य, दोन पुरवण्या जोडून. एक, 'कितीतरी पटींनी' हे प्रमाण आहे. मूळ संख्या इतकी लहान असते की सावत्र वडील असलेल्या जवळजवळ सगळ्या घरांत असं काही घडत नाही. दोन, २०००मध्ये टेमरिन आणि सहकाऱ्यांनी स्वीडनची आकडेवारी तपासली, तिथे हा नियम दिसला नाही. म्हणजे घरातला ताण, दारू, वय, मदतीला कुणी असणं-नसणं हे सगळं त्यात मिसळलेलं आहे.

आणि दत्तकाचं काय? तिथे तर रक्त दोन्हीकडून शून्य. लॉरा हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या अमेरिकी अभ्यासात पहिलीतल्या मुलांवर पालक किती वेळ, पैसा आणि लक्ष खर्च करतात ते मोजलं होतं. दोन्ही दत्तक पालक असलेली घरं सख्ख्या आईबापांच्या घरांच्या बरोबरीला, काही बाबतींत थोडी पुढेच निघाली.

---

हातचा_एक

दत्तकाचं पटलं. पण मग फरक नेमका इथेच आहे ना? दत्तक घेणाऱ्याला मूल हवं असतं. सावत्र बापाला बायको हवी असते, मूल सोबत येतं. माझं म्हणणं आता असं बदलून घेतो: रक्त नसलं तरी चालेल, निवड हवी.

---

उंबरठा

+१. धाग्यातलं आतापर्यंतचं सगळ्यात कामाचं वाक्य. त्यात एक भर: निवड दोन्ही बाजूंनी लागते, आणि मुलानं कुणालाच निवडलेलं नसतं.

आता सावत्र वडिलांसाठी थोडं सविस्तर, कारण गाडी अडते ती नेहमी त्याच चार-पाच ठिकाणी.

घाई. पॅट्रिशिया पेपरनाव यांनी सावत्र कुटुंबांचे टप्पे मांडले, त्यात भराभर जुळलेल्या घरांनाही साधारण चार वर्षं लागली, बाकीच्यांना सात किंवा जास्त. लोक सहा महिन्यांत 'आता आम्ही एक कुटुंब' म्हणून मोकळे होतात आणि मूल तसं वागलं नाही की रुसतात. नऊ वर्षांच्या आतलं मूल तुलनेनं लवकर जवळ येतं. दहा ते चौदा हा सगळ्यात खडतर काळ: मूल एकीकडे स्वतःच घरापासून सुटू बघत असतं, आणि त्याच वेळी त्याला नवं घर 'आपलं' मानायला सांगितलं जातं.

शिस्त. पहिली एक-दोन वर्षं सावत्र वडिलांनी स्वतःचे नियम आणू नयेत. आईनं घातलेले नियम आईच्या नावानं चालवावेत. 'नऊ वाजले, मोबाईल ठेव' असं न म्हणता 'आईनं नऊची वेळ ठरवलीय, पाच मिनिटं राहिलीत' असं. हसू येईल, पण दुसऱ्या वाक्यात मुलाला लढायला समोर कुणी सापडत नाही. आणि आईनं मुलाच्या देखत एकदा स्पष्ट सांगावं लागतं: 'मी नसताना हे जे सांगतील ते मी सांगितलंय असं समज.' हे न सांगताच ती बाहेर गेली की त्या संध्याकाळी हमखास ठिणगी पडते.

'तू माझा बाबा नाहीस.' हे वाक्य येणारच, तयारी ठेवा. उत्तरात 'मी तुझ्यासाठी इतकं करतो आणि...' निघालं की संपलं. चालणारं उत्तर छोटं आणि शांत असतं: 'खरं आहे, नाहीच. तुझे बाबा वेगळे आहेत. पण आत्ता घरात मोठा मी आहे आणि दप्तर भरायचं आहे.' मूल तुम्हाला घालवायला निघालेलं नसतं. आपण खऱ्या बाबांशी दगा तर करत नाही ना, हे ते चाचपत असतं.

हाक. 'बाबा म्हण' असं कधीही सांगू नये. काका, नावानं, टोपणनावानं, मुलाला सुचेल ते. शाळेत मित्रांसमोर एक हाक आणि घरात दुसरी असंही वर्षानुवर्षं चालतं. त्यात काही बिघडत नाही.

वेळ. आठवड्यातून ठरलेली ४०-४५ मिनिटं फक्त दोघांची, आईशिवाय. समोरासमोर बसून 'काय मग, शाळा कशी?' हे नको. खांद्याला खांदा लावून करायचं काम हवं: सायकलचं पंक्चर काढणं, कपाटाचे स्क्रू पिळणं, काहीतरी रंगवणं. हात कामात आणि नजर कामावर असली की मुलं बोलतात. मुख्य म्हणजे तो वार चुकवायचा नाही. दोनदा चुकला की मूल तिसऱ्यांदा वाटच बघत नाही, आणि ते तसं सांगतही नाही.

---

तिरकस

पंक्चर काढणं हे मानसशास्त्र असतं हे आज कळलं. सायकल दुरुस्तीवाल्यांना आता मानद पदव्या द्याव्यात.

---

गवतपाती

@तिरकस, हसा. पण त्यामागे अभ्यास आहे. कारिन ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत १६ वर्षं मुलांचा माग ठेवला आणि २००२मध्ये निष्कर्ष छापले. दोन वर्षांच्या मुलाशी वडील कसे खेळतात हे त्यांनी बारकाईनं नोंदवलं होतं: मुलाच्या कलानं घेतात का, थोडं अवघड काही समोर ठेवतात का, जमलं नाही तर हिसकावून स्वतः करतात की नेमकी तेवढीच मदत करतात. या खेळण्याच्या गुणवत्तेचा संबंध मुलाच्या १०व्या आणि १६व्या वर्षीच्या नात्यांवरच्या भरवशाशी लागला. हे वडील सख्खेच होते. पण त्यांनी जे केलं त्यात रक्तानंच जमेल असं काहीच नाही.

---

निळी_शाई

डॉक्टर म्हणून एवढंच: सांभाळणारा कितीही मोलाचा असो, जन्मदात्याची एक गोष्ट त्याच्याकडे नसते, ती म्हणजे आजारांचा इतिहास. दत्तक किंवा सावत्र घरात हा विषय भावनेपोटी टाळला जातो आणि पुढे महागात पडतो.

जमेल तेव्हा, जमेल त्या मार्गानं (संस्था, जुनी कागदपत्रं, आईकडची माहिती) इतकं लिहून ठेवा: जन्मदाते आईवडील, त्यांची भावंडं, त्यांचे आईवडील. प्रत्येकाला मोठा आजार कोणता, आणि कितव्या वर्षी. नुसतं 'हार्टचा त्रास होता' उपयोगाचं नाही. वडील किंवा भाऊ यांना ५५च्या आधी, आई किंवा बहीण यांना ६५च्या आधी हृदयविकार झाला असेल तर तो धोक्याचा इशारा धरतात. आईवडिलांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर मुलाची तपासणी ४०व्या वर्षी किंवा त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात. वय माहीत नसेल तर हे गणितच मांडता येत नाही.

कोलेस्टेरॉल वाढवणारा एक आनुवंशिक दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो आणि तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. इतिहास मिळतच नसेल तर फॉर्मवर 'नाही' लिहू नका, 'माहीत नाही' लिहा. 'नाही' वाचून डॉक्टर निर्धास्त होतो, 'माहीत नाही' वाचून एक रक्ततपासणी जास्त करतो.

आणि मुलापासून लपवू नका. दत्तक असल्याचं शाळेत जाण्याआधीपासून, साध्या शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगायचं असतं. मुलाला 'मला पहिल्यांदा कळलं तो दिवस' आठवताच कामा नये. विशीत चुलतभावाच्या तोंडून कळलं, तर बापाच्या मायेवर शंका येत नाही, त्याच्या प्रत्येक शब्दावर येते.

---

कलम_कारकून

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेत ७वं कलम मुलाला शक्य तितकं आपले आईवडील कोण हे जाणून घेण्याचा आणि त्यांच्याकडून सांभाळ होण्याचा हक्क देतं, ८वं ओळख जपण्याचा. म्हणजे निळी_शाई म्हणतात ते फक्त वैद्यकीय शहाणपण नाही.

कागदाचं बोलायचं तर सावत्र वडिलांची सगळ्यात मोठी गैरसमजूत: 'मी तिच्याशी लग्न केलं, म्हणजे मी मुलाचा पालक झालो.' बहुतेक देशांत असं होत नाही. लग्नानं बायकोशी नातं जडतं, तिच्या मुलाशी नाही. शस्त्रक्रियेची संमती, पासपोर्ट, शाळा बदलणं, वारसा, यांत तुमचं नाव कुठेच नसतं, जोवर दत्तकविधान किंवा न्यायालयाची पालकत्वाची नेमणूक होत नाही. तोवर निदान दोन गोष्टी: आईच्या सहीचं लेखी अधिकारपत्र (उपचार आणि शाळेसाठी, मुदत घालून) आणि स्वतःचं मृत्युपत्र. मृत्युपत्रात 'माझी मुलं' असं मोघम लिहू नका. सावत्र मुलाचं नाव घालून लिहा, नाहीतर तो त्यात धरलाच जाणार नाही अशी दाट शक्यता.

---

हातचा_एक

मग जन्मदाता बाप दूर राहत असेल, महिन्यातून दोनदा भेटत असेल, तर त्याचं वजन किती धरायचं? 'भेटतो तरी' याला काही किंमत आहे का?

---

उंबरठा

पॉल अमाटो आणि जोन गिलब्रेथ यांनी १९९९मध्ये ६३ अभ्यास एकत्र करून हेच तपासलं. किती वेळा भेटला याचा मुलाच्या भल्याशी संबंध अगदी पुसट निघाला. ठळक निघालं ते दुसरंच: पोटगीचे पैसे देतो का, मुलाला तो जवळचा वाटतो का, आणि भेटीत तो बापासारखा वागतो का, म्हणजे अभ्यास विचारतो, नियम पाळायला लावतो, चुकलं तर थांबवतो. नुसता फिरायला नेऊन खाऊपिऊ घालणारा 'रविवारचा बाबा' पाहुणाच राहतो.

व्हॅलरी किंग यांच्या २००६च्या अभ्यासात किशोरवयीन मुलांना एकाच वेळी सावत्र आणि सख्खे असे दोन्ही वडील जवळचे असू शकतात हे दिसलं, आणि तशी मुलं सगळ्यात सुस्थितीत होती. एकच जवळचा असेल तर घरातल्या सावत्र वडिलांशी असलेल्या जवळिकीचा आधार जास्त दिसला. रोज दिसणारा माणूस जिंकतो, इतकं साधं.

अर्थात सोडून गेलेल्या बापाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. पॉलीन बॉस याला 'संदिग्ध वियोग' म्हणतात: माणूस मेला नाही, पण आहे असंही नाही. मुलासाठी हे मृत्यूपेक्षा अवघड, कारण रडून संपवता येत नाही. नवा माणूस कितीही चांगला असो, तो ही जागा भरत नाही, शेजारी दुसरी जागा करतो. त्यानं जन्मदात्याची निंदा केली की मूल स्वतःच्या अर्ध्या भागाची निंदा ऐकतं. फोटो काढून टाकले, नाव घेणं बंद केलं, की मूल कपाटातल्या चपलेच्या खोक्यात वेगळं जग थाटतं. फोटो भिंतीवर राहू द्यावा. त्या भिंतीला नवा रंग देताना सावत्र वडिलांनी तो स्वतःच्या हातानं उतरवावा आणि रंग वाळल्यावर त्याच खिळ्याला परत लावावा. इतकं केलं तर बरीच भाषणं वाचतात.

---

फळा_खडू

सगळे सावत्र वडिलांवरच बोलताय. शिक्षक, प्रशिक्षक, शेजारचे आजोबा हेही याच रांगेत आहेत. एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं अभ्यास केला. त्यांतल्या खडतर परिस्थितीतल्या साधारण एक तृतीयांश मुलांनी चांगलं निभावून नेलं, आणि त्यांच्या आयुष्यात बहुधा कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस होतं. ते आईवडीलच असेल असं नाही.

पण उत्साही स्वयंसेवकांनो, एक ताकीद. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी २००२मध्ये स्वयंसेवक मार्गदर्शक आणि मूल अशा जोड्यांचा अभ्यास छापला (मुलं १० ते १६ वर्षांची). वर्षभर किंवा जास्त टिकलेल्या जोड्यांत मुलांना फायदा. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा आत्मविश्वास घसरला. म्हणजे अर्धवट बाप होण्यापेक्षा न झालेलं बरं. सुरू करण्याआधी स्वतःला विचारा: पुढचे बारा महिने, ठरलेल्या वारी, जमेल का? नसेल तर क्रिकेट शिकवा, चित्रकला शिकवा, पण 'मी आहे ना तुझ्यासाठी' म्हणू नका.

शिक्षकांनी आणखी एक टाळावं: 'वडिलांना घेऊन ये.' 'घरातल्या मोठ्यांना' म्हणायला काही खर्च येत नाही.

---

गवतपाती

शेवटचा अवघड प्रश्न. आई आणि सावत्र वडील वेगळे झाले तर? दहा वर्षं सांभाळलेला माणूस एका दिवसात कुणीच नाही?

---

उंबरठा

कायद्यानं बऱ्याच ठिकाणी जवळजवळ कुणीच नाही, कलम_कारकून सांगतीलच. मुलाच्या बाजूनं हा दुसरा बाप जाणं, आणि या वेळी कुणी त्याला शोक करायची परवानगीही देत नाही. 'तो तर सावत्रच होता.'

जमत असेल तर तीन गोष्टी. निरोप मुलाला थेट, स्वतःच्या तोंडून: 'मी आणि आई वेगळे होतोय, यात तुझी चूक नाही.' फोनचा एक वार ठरवा, लहान ठेवा, पण पाळा. आणि 'आपण नेहमी भेटत राहू' असलं काही बोलू नका, कारण ते तुमच्या हातात नाही, आईच्या आहे. 'मंगळवारी साडेसातला फोन करेन' एवढंच बोला. ते हातात आहे.

---

कलम_कारकून

काही देशांत दीर्घकाळ सांभाळ केलेल्या माणसाला भेटीची परवानगी न्यायालयाकडे मागता येते. तिथे भावना उपयोगी पडत नाहीत, नोंदी पडतात: शाळेच्या पालकसभेच्या सह्या, दवाखान्याच्या पावत्या, फी कुणाच्या खात्यातून गेली ते. फायली टाकून देऊ नका.

---

फळा_खडू

आणि शाळेच्या फॉर्मवर 'आपत्कालीन संपर्क' असा वेगळा रकाना असतो. वडिलांच्या रकान्यात कुणाचं नाव घालायचं यावर भांडून झालं की तोही भरा. दुपारी दोन वाजता मुलाला ताप चढतो तेव्हा आम्ही तोच रकाना बघतो.